अर्धी मगर

घरात स्वतःचं बाथरूम नसेल तर माणूस कुठल्या थराला जातो, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो. तो दोन हजार वर्षं मागे जातो.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधून प्लायवुडची भिंत घातली गेली. ती हॉलच्या खिडकीच्या बरोबर मध्यावर जाऊन टेकते, त्यामुळे खिडकीचं एक दार माझं आणि एक धाकट्या भावाचं. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, बाथरूम त्याच्याकडे गेलं. मुख्य दार आणि आतला चिंचोळा बोळ सामाईक. धाकट्याने गॅलरीत गॅसची शेगडी मांडून आपली अडचण भागवली. मला गॅलरीत आंघोळ करून माझी भागवता येण्यासारखी नव्हती, शिवाय गॅलरीही त्याच्याचकडे गेली होती. तेव्हा रोज सकाळी मी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात साबणाची डबी घेऊन, बोळ ओलांडून त्याच्या हद्दीत जातो. तो पेपर वाचत असतो. तो मान वर करत नाही, मी खाली बघत नाही. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, नेमकं त्याच्या खुर्चीच्या मागे आहे. ते कधी चालू असतं, कधी बंद असतं. कुठल्या दिवशी काय असेल याचा मी हिशेब तपासनीस या नात्याने पुष्कळ अभ्यास केला, पण त्यात मला कुठलंही सूत्र सापडलेलं नाही. द्वेष असता तर सूत्र सापडलं असतं. हा नुसता विसर आहे, आणि तो जास्त लागतो.

आमचं भांडण कशावरून झालं, असं लोक विचारतात. भांडण झालंच नाही. भांडायला बोलावं लागतं.

आई मात्र दर महिन्याला बाजू बदलते. महिना संपला की तिची उशी, औषधांचा डबा आणि वेताची खुर्ची भिंतीला वळसा घालून इकडून तिकडे जातात. वाटणीत जिचे दोन तुकडे पडले नाहीत अशी घरात तेवढी एकच गोष्ट राहिली, आणि तिचीही आम्ही महिनेवारी लावली.

तर मी प्लंबरला बोलावलं. त्याने स्वयंपाकघराचा मागचा कोपरा बघितला, भिंतीवर टकटक केलं, आणि इथे बाथरूम होईल म्हणाला. मग त्याने आकडा सांगितला. मी सावरतोय तोवर म्हणाला, टाइल्स वेगळ्या. पैशाची सुरुवात म्हणून मी जुनं लोखंडी कपाट इंटरनेटवर विकायला काढलं. ते कुणी घेतलं नाही, पण घेणाऱ्यांनी इतके प्रश्न विचारले की त्या साइटवर बसायची मला सवय लागली, आणि एका दुपारी कपाटांच्या विभागातून घसरत घसरत मी प्राचीन नाण्यांच्या विभागात पोचलो.

तिथे माणसं रोमन नाणी भाजीसारखी विकत होती. आज घेतलेलं नाणं सहा महिन्यांनी दुपटीला गेल्याच्या हकिकती होत्या. स्वस्त घ्यावं, महाग विकावं, हे जगातलं सर्वांत जुनं गणित आहे आणि ते सगळ्यांना जमतं, फक्त मला जमून बघायचं राहिलं होतं. मी एक नाणं हेरलं. फोटोत ते अर्धचंद्रासारखं दिसत होतं. फोटो काढणाऱ्याचा हात हलला असेल असं मी धरून चाललो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये निम्मे नातेवाईक असेच आहेत. खाली यंत्राने केलेलं मराठी भाषांतर होतं: ‘कापलेला जावई, मगरसहित, छान हिरवा.’ मला वाटलं यंत्रच ते, काहीही बरळतं, आणि मी पैसे भरून नाणं मागवलं. त्या संबंध व्यवहारात खरं बोललेलं ते एकटं यंत्रच होतं.

पाकिटावर पाठवणाऱ्याने ‘नाणं’ असं लिहिल्यामुळे ते पोस्टातून सुटलं आणि कस्टममध्ये अडकलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, वस्तू आहे की चलन? वस्तूचा फॉर्म निळा, चलनाचा पांढरा. मी म्हटलं, आधी चलन होतं, आता वस्तू आहे. त्यांनी चलनातून बाद केल्याचा आदेश मागितला. ज्यांनी तो काढायचा ते सरकार पडून आता दीड हजार वर्षं झाली, असं मी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, मग नंतरच्या सरकारने काढला असेल. जारी करणाऱ्या बँकेचा रकाना रिकामा ठेवून चालत नव्हता, म्हणून मी तिथे ‘राजा’ असं भरलं. साहेबांनी ते खोडून ‘इतर’ केलं. शेवटी पाकीट माझ्यासमक्ष फोडायचं ठरलं. फोडलं.

“हे तर अर्धंच आहे,” साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, “उरलेलं कुठाय?”

जणू मी ते खिडकीकडे येता येता गिळलं होतं. मग खराब मालाचा तिसरा फॉर्म आला. जकात मात्र अख्ख्या नाण्याची लागली, कारण त्यांच्या तक्त्यात अर्ध्यासाठी ओळच नव्हती.

घरी बायकोने ते तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं. “अहो,” ती म्हणाली, “या घरात अर्ध्या वस्तूंची कमी होती का?”

पुढचे काही दिवस इमारतीत मला सल्ल्यांचा तुटवडा पडला नाही. आमच्या सेक्रेटरींना सगळे नियमबुवा म्हणतात, कारण जिन्यात शिंकायचं झालं तरी त्यांच्याकडे त्याचा नियम असतो. ते म्हणाले, ग्राहक मंचात जा. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, एक्स-रे काढून ठेवा. नाण्याचा एक्स-रे कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टर पेशंटलाही सांगत नाहीत. मी विक्रेत्याला एक खरमरीत पत्र लिहिलं. त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द तीनदा घातला. उत्तर आलं ते दोन ओळींचं: ‘नाणं जुन्या काळीच कापलेलं आहे. वर्णन वाचावं.’

मग अपमान गिळून मी नाणी जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये फोटो टाकला आणि विचारलं, मी किती फसलो? तिथल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. त्या काळी सुटे पैसे कमी पडत, म्हणून लोक मोठं नाणं छिन्नीने मधोमध कापत, हे मला तिथे कळलं. या नाण्याच्या एका बाजूला दोन डोकी असतात, पाठीला पाठ लावून, एक राजा आणि एक त्याचा जावई. दुसऱ्या बाजूला झाडाला साखळीने बांधलेली मगर. कापलं की राजा एकीकडे जातो, जावई दुसरीकडे. माझ्या वाट्याला जावई आणि मगरीची शेपटी आली होती. हे सगळं मला घेतानाच माहीत होतं, असं मी त्या संध्याकाळी नियमबुवांना सांगितलं.

ग्रुपमध्ये परदेशातले एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी लिहिलं, की असे अर्धे तुकडे पोत्याने मिळतात, पण एकाच नाण्याचे दोन्ही तुकडे, कापलेली कड कडेला जुळणारे, त्यांनी आयुष्यात पाहिलेले नाहीत. तशी जोडी कधी सापडली तर मला कळवा, मी विकत घेईन, असंही ते म्हणाले. आणि त्यांनी आकडा लिहिला. माझं बाथरूम त्यात टाइल्ससकट बसत होतं, वर नळही चांगले घेता आले असते.

तो महिना आईचा माझ्याकडचा होता. मी तिला सगळं समजावून सांगितलं. मगर तिला आवडली. बाथरूमचं ऐकून तिने ती खाली ठेवली.

“म्हणजे मग तू आंघोळीला तिकडे जाणार नाहीस?”

“नाही. कशाला जाऊ?”

“बरं,” ती म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

महिना संपला, तिची खुर्ची पलीकडे गेली. आई चहाड्या करत नाही. ती फक्त बोलते. दादाने अर्धं नाणं आणलंय, दुसरं अर्धं मिळालं की तो बाथरूम बांधणार आहे, एवढं ती तिकडे बोलली असावी. आणि आठवड्याभरात त्याच विक्रेत्याने दुसरा अर्धा तुकडा लिलावात काढला: राजा आणि मगरीचं तोंड. दोन्ही तुकडे मुळात त्याच्याच खणात होते. एकदम विकले असते तर गिऱ्हाईक एक, सुटे विकले तर दोन. हा हिशेब मला शाळेत कुणी शिकवला असता तर आज माझं बाथरूम असतं.

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. मी भिंतीपाशी खुर्ची ओढून, फोन हातात धरून बसलो. कुणीतरी माझ्यावर बोली लावली होती. मी वाढवली. त्याच क्षणी भिंतीपलीकडे ‘टुंग’ असा आवाज झाला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला: टुंग, तुमच्यापेक्षा वरची बोली आली आहे. मी वाढवली. पलीकडे टुंग.

प्लायवुड पातळ आहे. वाटणीच्या वेळी आम्ही दोघांनीही स्वस्तातलं घेतलं होतं.

मला कळलं. मला कळलं हे त्यालाही कळलं, कारण पुढची बोली यायला जरा उशीर लागला. तिथे मी थांबायला हवं होतं. भिंतीवर बोटाने टकटक केलं असतं तरी पुरलं असतं. पण इतकी वर्षं टिकवलेलं मौन असं रविवारच्या दुपारी, एका मगरीच्या तोंडासाठी मोडायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. मी बोली वाढवली. टुंग. त्याने वाढवली. टुंग. शेजारी बसलेली बायको हळू आवाजात म्हणाली, की जो तो आपल्या पैशाने एकमेकांचं नुकसान करतोय आणि फायदा तिसऱ्याचा होतोय, हे वाटणीच्या वेळच्या वकिलानंतर प्रथमच घडतंय. मी तिला गप्प राहायला सांगितलं.

पलीकडून आईचा आवाज आला. “अरे, कुणाचा तरी फोन वाजतोय मघापासून. उचला की.”

कुणीच उचलला नाही. शेवटच्या मिनिटाला माझं बोट घामाने घसरलं आणि राजा धाकट्याकडे गेला. पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला.

आता जावई माझ्याकडे, सासरा त्याच्याकडे, आणि दंतवैद्यांचा निरोप दोघांकडे. धाकटाही त्याच ग्रुपमध्ये होता, दुसऱ्या नावाने. माझ्या फोटोखाली ‘उत्तम नग, पण किंमत जास्त दिली’ असं लिहिणारा तोच. एकट्याचा तुकडा एकट्याला काही कामाचा नव्हता. बोलणं भाग होतं आणि बोलायचं नव्हतं, म्हणून नियमबुवांना मधे घातलं. ते बोळात खुर्ची टाकून बसले. मी माझ्या दारात, धाकटा त्याच्या. आमच्यात हातभर अंतर.

“त्यांना सांगा,” धाकटा नियमबुवांना म्हणाला, “माझ्या तुकड्यावर राजा आहे. शिवाय तोंड आहे. शेपटीला काय किंमत असते?”

“त्याला सांगा,” मी म्हटलं, “जकात मी अख्ख्या नाण्याची भरलीय. कागदोपत्री त्याचा तुकडासुद्धा माझाच आहे.”

“त्यांना सांगा, मीपण अख्ख्याचीच भरलीय.”

म्हणजे कस्टमच्या हिशेबात आमच्या घरात दोन अख्खी नाणी आली होती. नियमबुवांनी हे सगळं एका बाजूने दुसऱ्या बाजूला, शब्दही न बदलता, पोचवलं. आपण नसतो तर या घराचं काय झालं असतं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. अशा बऱ्याच बैठका झाल्या. मधल्या काळात दंतवैद्यांची दोन स्मरणपत्रं आली. अखेर निम्मं-निम्मं ठरलं. माझ्या बाथरूममधल्या टाइल्स गेल्या, नळ साधे झाले, पण चार भिंती आणि दार राहिलं. मी टाइल्सशिवाय आंघोळ करू शकतो. धाकट्याला त्याच्या वाट्यात गॅलरी बंद करून धड स्वयंपाकघर करायचं होतं. मग मी तिकडे जायला नको, त्याच्या बायकोने माझ्या बायकोकडे मिक्सर मागायला नको. सगळं नीट, स्वच्छ, कायमचं. वाटणीच्या वेळी अर्धवट राहिलेलं काम एका मगरीच्या कृपेने पुरं होणार होतं.

प्रश्न उरला तो एवढाच, की पोस्टात कोण टाकणार? त्याचा माझ्यावर विश्वास नाही, माझा त्याच्यावर नाही. नियमबुवा म्हणाले, तटस्थ व्यक्तीकडे ठेवा. घरात तटस्थ अशी एकच व्यक्ती होती. आईने दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि कमरेला खोचले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाहेर गेली. परत आली तेव्हा बोळात उभी राहून तिने आधी मला हाक मारली, मग त्याला. दोघेही आपापल्या दारात आलो. तिने सोनाराच्या गुलाबी कागदाची पुडी उघडली. आत एक अख्खं, गोल, पिवळंधमक नाणं होतं. राजा आणि जावई पाठीला पाठ लावून चकाकत होते. मगरीला तोंडापासून शेपटीपर्यंत खंड नव्हता. हिरवा रंग पार घासून काढलेला होता.

“पोस्टात एखादा तुकडा हरवला असता म्हणजे?” आई म्हणाली. “म्हणून जोडून आणलं. चांगलं पॉलिशही करून दिलं त्याने.”

मग धाकट्याने माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे, नियमबुवांशिवाय.

“दादा, हिला सोनाराकडे जायला कुणी सांगितलं?”

“मी नाही.”

इतक्या वर्षांनंतरचं आमचं संभाषण ते एवढं.

फोटो पाठवल्यावर दंतवैद्यांचं उत्तर आलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं, एखाद्याचा चांगला दात चुकून उपटला गेल्यासारखं. त्यांनी लिहिलं, की जी कापलेली कड त्यांना हवी होती तीच आता उरलेली नाही, आणि असं चकचकीत जोडलेलं नाणं म्हणजे फार तर गळ्यात घालायचा दागिना. ग्रुपमध्ये मात्र कुणाला वाईट वाटलं नाही. एकाने लिहिलं, बनावट. बाकीच्यांनी त्याच्याखाली अंगठे दिले. माझा तुकडा खरा होता, त्याचा खरा होता, आणि दोन खऱ्या अर्ध्यांचं मिळून आमच्या घरात एक खोटं अख्खं तयार झालं होतं.

आम्ही दोघे सोनाराकडे गेलो. एकाच रस्त्याने, तो पुढे, मी मागे, ओळखीचं कुणी भेटलं तर वेगळे दिसू इतक्या अंतराने. सोनाराला आपल्या कामाचा भलताच अभिमान होता. सांधा शोधून दाखवा, म्हणाला. आम्ही म्हटलं, उकला. तो म्हणाला, आता उकलत नाही, फार तर कापता येईल. त्याने करवत हातात घेतली, नाणं चिमट्यात धरलं, आणि विचारलं, कुठून कापू?

“मधून,” आम्ही दोघे एकदम म्हणालो.

लहानपणी एका खोलीत, एका पलंगावर वाढलेल्या माणसांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही. करवत जरा तिरकी गेली. राजाचा कान माझ्याकडे आला आणि जावयाच्या मुकुटाची कड त्याच्याकडे गेली. सोनाराने जोडण्याची आणि कापण्याची मजुरी वेगवेगळी लावली. ती आम्ही निम्मी-निम्मी दिली. आजवरच्या सगळ्या वाटण्यांत ती एकच विनातक्रार झाली.

मी माझा तुकडा पुन्हा विकायला ठेवलाय. वर्णन प्रामाणिकपणे लिहिलं: दोनदा कापलेलं, एकदा जोडलेलं, राजाचा कान जादा. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग परवा एकाने विचारलं, याचा दुसरा अर्धा भाग कुठे मिळेल का? मी त्याला लिहिलं, शेजारी चौकशी करा.

प्लंबर एकदा येऊन गेला. मी त्याला म्हटलं, सध्या नको. बायकोने चहा दिला, त्याने कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि तो गेला. गॅलरीतली शेगडी गॅलरीतच आहे.

आईने ते मुद्दाम केलं का, असं मला बायकोने विचारलं. चूक कुठली आणि हेतू कुठला, हे कागदावर ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. आईच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही. एवढंच दिसतं, की हल्ली महिना कुणाचाही असो, सकाळी तिची वेताची खुर्ची बोळात असते. मी टॉवेल टाकून निघालो की ती पाय आखडून घेते आणि मला वाट करून देते. आत धाकटा पेपर वाचत असतो.

“पाणी तापलंय का, विचार त्याला,” ती म्हणते.

मी विचारत नाही. तो सांगत नाही. पाणी गार असतं.